बिनपायांची पायपीट

११ ऑक्टोबर २०२२ या दिवशी मार्क झुकेरबर्ग यांनी जगाला पाय दाखवले. स्वतःचे नव्हेत, ते आधीपासून होते. मेटाव्हर्स नावाच्या त्यांच्या आभासी जगात माणसाची जी प्रतिमा फिरते, तिला तोवर कमरेखाली काहीच नव्हते. डोके, धड, दोन हात आणि त्याखाली थेट हवा. एवढ्याच ऐवजानिशी माणसे तिथे सभा भरवत होती, टाळ्या वाजवत होती, एकमेकांची विचारपूस करत तरंगत होती. त्या दिवशी कंपनीच्या वार्षिक सोहळ्यात झुकेरबर्गांच्या प्रतिमेने आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मग चक्क उडी मारली. लोकांची सर्वांत जास्त मागणी बहुधा पायांचीच असावी, असेही त्यांनी सांगितले.

ही मागणी मला रास्त वाटते. माणूस कुठल्याही जगात गेला तरी दोन-तीन मूलभूत गोष्टींची अपेक्षा करतोच.

थोड्याच दिवसांत कळले की ती उडी चष्म्याने ओळखलेली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी हालचाली वेगळ्या तंत्राने टिपून ती चित्रफीत तयार केली होती. पाय उसने होते म्हणायचे. अडचणही समजण्यासारखी आहे. मेटाव्हर्सचा चष्मा डोक्यावर, त्याचे कॅमेरे डोक्यावर, हातांत दोन मुठी. तिथून खाली पाहिले तर पाय दिसायला हवेत, पण मधे पोट येते. शेवटी पुढच्या वर्षी पाय आले, तेही अजब रीतीने. सुरुवातीला ते आरशात दिसत, पण मान खाली घालून पाहिले तर दिसत नसत. आमच्याकडे पन्नाशीनंतर पुष्कळांची हीच स्थिती होते आणि त्यासाठी कुणी चष्मा विकत घेत नाही.

२०२२ या एका वर्षात कंपनीच्या मेटाव्हर्स विभागाला १३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. रुपयांत मोजले तर एक लाख कोटींच्या वर. फेसबुकने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वतःचे नाव बदलून मेटा केले तेव्हापासून तमाम सल्लागार मंडळी सांगू लागली होती की डिजिटल परिवर्तनाचे पुढचे पाऊल म्हणजे मेटाव्हर्स. त्या वेळी पाऊल टाकायला पायच नव्हते, हा तपशील त्यांच्या सादरीकरणात आला नसावा.

परिवर्तनाचे मागचे पाऊल मात्र मी पाहिलेले आहे. सातबाऱ्याचा उतारा हवा असेल तर पूर्वी तलाठ्याच्या सज्ज्यावर जायचे असे. भाऊसाहेब फिरतीवर गेलेले असत. सोमवारी या. सोमवारी तहसीलला मीटिंग असे. मंगळवारी भाऊसाहेब भेटत, पण दप्तर दुसऱ्या गावात असे. आमच्या आजोळच्या घरातली दोन माणसे तर आयुष्यभर हेच काम करत होती असा माझा लहानपणी समज होता. आता २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. पंधरा रुपये भरायचे, गट नंबर टाकायचा, वाकड्यातिकड्या अक्षरांचे कोडे सोडवायचे आणि कागद हातात. रेल्वेचे तिकीट २००२ पासून घरबसल्या काढता येऊ लागले, नाहीतर आरक्षणाच्या खिडकीसमोर पहाटे चारला रुमाल टाकून जागा धरणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. विजेचे बिल भरण्याची रांग तर आमच्या भागात लग्ने जमवण्याचे केंद्र होती.

यातली एकही गोष्ट देखणी नव्हती. सरकारी संकेतस्थळांचा रंग बघून डोळे निवावेत असे कुणी म्हणणार नाही. मधेच ते बसते, ओटीपी येत नाही, आलाच तर मुदत संपल्यावर येतो. यूपीआय आले २०१६ साली. त्यात ना चष्मा, ना प्रतिमा, ना तरंगणे. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर टांगलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आणि कोथिंबिरीच्या जुडीमागून रकमेची घोषणा करणारा एक डबा, एवढाच थाट. तरीही २०२३च्या ऑगस्टमध्ये देशभरात महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला. कारण अगदी साधे होते. एटीएमपर्यंत जायचे वाचले, सुट्ट्या पैशांसाठी चार दुकाने हिंडायचे वाचले.

परिवर्तन झाले की नाही हे ठरवायचे माझे माप त्यामुळे फार गावठी आहे. चपला किती वाचल्या ते बघायचे.

या मापाने मेटाव्हर्स मोजायला घेतले की मौज होते. २०२२च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या जेपी मॉर्गन बँकेने डिसेंट्रालँड नावाच्या दुसऱ्या एका मेटाव्हर्समध्ये आपले दालन उघडले. दालनात बँकेच्या मुख्य अधिकाऱ्यांची तसबीर होती, वर जायला गोल जिना होता आणि खाली एक वाघ फिरत होता. वाघ का, हे मला अजून उमगलेले नाही. कर्जवसुलीशी त्याचा संबंध असेल तर आपल्या सहकारी पतपेढ्यांनी जरूर विचार करावा. पण माझे कुतूहल त्या जिन्यावरच अडले. ज्यांचे पाय कधी दुखत नाहीत अशा प्राण्यांसाठी जिना बांधावासा का वाटावा? माणसाला बँकेची पायरी चढावी लागू नये म्हणून इतकी वर्षे संगणकवाल्यांनी जिवाचे रान केले, आणि सगळी कामे अंगठ्याखाली आल्यावर कुणीतरी हौसेने पायऱ्या पुन्हा रचून ठेवल्या.

आपणही मागे नव्हतो. त्याच वर्षी जुलैत युनियन बँक ऑफ इंडियाने टेक महिंद्राच्या मदतीने आभासी दालन काढले. तेलंगण सरकारने आपले अवकाश-तंत्रज्ञानाचे धोरण मेटाव्हर्समध्ये जाहीर केले. दक्षिण कोरियाच्या राजधानीने तर अख्खी महापालिकाच तिथे नेली. ‘मेटाव्हर्स सोल’ २०२३च्या जानेवारीत सुरू झाले. नागरिकाने आपली प्रतिमा घेऊन आत शिरायचे, महापौरांच्या दालनात डोकवायचे, करासंबंधी सल्ला घ्यायचा. कोरियातला माणूस ही सगळी कामे फोनवर आधीच करत होता. त्याला आता तीच कामे करायला आधी चौकातून चालत जाऊन कचेरीचे दार शोधायचे होते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ती महापालिका बंद झाली. महापालिका बंद पडल्यावर शहराचे काहीही अडले नाही, अशी नोंद इतिहासात फार ठिकाणी नसेल.

आभासी कचेऱ्यांची ही हौस तशी जुनी. ‘सेकंड लाइफ’ नावाचे जग २००३ साली उघडले होते. २००७च्या मे महिन्यात मालदीवने आणि पाठोपाठ स्वीडनने तिथे आपला दूतावास थाटला. स्वीडनचे परराष्ट्रमंत्री कार्ल बिल्ट उद्घाटनाला जातीने, म्हणजे प्रतिमेने, हजर होते. दूतावास सुबक होता, भिंतींवर चित्रे होती. फक्त व्हिसा आणि पासपोर्ट तेवढे मिळत नव्हते. ते कुठे मिळतील याची माहिती मात्र मिळत होती. आपल्या कुठल्याही सरकारी कार्यालयातल्या चौकशीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला हे वाचून परदेशात आपले भाऊबंद असल्याचा आनंद होईल.

पण मेटाव्हर्सचा खरा रंगतदार भाग जमिनीचा. तिथे मराठी माणसाने लक्ष घालायला हवे होते.

डिसेंट्रालँडमधले भूखंड १६ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतात. म्हणजे २५६ चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा धरला तर एक भूखंड अडीच गुंठ्यांचा पडतो. अडीच गुंठे! हा आकडा पाहिल्यावर मला त्या परक्या जगाबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला. अशा अडीच-अडीच गुंठ्यांचे एकूण ९०,६०१ भूखंड आहेत. एकही जास्त नाही, कारण जागा मुबलक झाली तर तिला भाव कसा यायचा? जिथे एक कळ दाबून हवा तेवढा मुलूख निर्माण करता येतो, तिथे मुद्दाम टंचाई आणायची हे ज्याला सुचले, त्याने पूर्वी नक्की आमच्या बाजूला बिल्डरकी केलेली असणार.

भावही तसेच आले. २०२१च्या नोव्हेंबरात तिथल्या फॅशनच्या पेठेतली जमीन २४ लाख डॉलरला गेली. ‘सँडबॉक्स’ नावाच्या दुसऱ्या जगात स्नूप डॉग या अमेरिकन गायकाच्या शेजारचा भूखंड डिसेंबरात साडेचार लाख डॉलरला विकला गेला. गायकाच्या शेजारी घर घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजणारा माणूस मी प्रथमच पाहिला. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हार्मोनियमचा क्लास सुरू झाल्यावर तिसऱ्या मजल्याचे भाव उतरले होते. २०२२च्या प्रजासत्ताकदिनी दलेर मेहंदी यांनी ‘पार्टीनाइट’ या भारतीय मेटाव्हर्समध्ये गाणे केले आणि पुढे तिथे जागा घेऊन तिचे नाव ‘बल्ले बल्ले लँड’ ठेवले. हे मात्र मला आवडले. जमिनीला नाव असावे, नुसता सर्व्हे नंबर असू नये.

या जमिनीला सातबारा नाही. मालकी कुणाची ते ब्लॉकचेनच्या वहीत नोंदलेले असते. ती वही कुणालाही उघडून बघता येते आणि तिच्यात मागची तारीख टाकता येत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना एवढ्या कारणावरूनच तिच्यात रस वाटणार नाही. तिथे शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही, एनए करावे लागत नाही, वारस नोंदवायला भाऊ-बहिणींची संमती गोळा करत फिरावे लागत नाही. आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे तिथे बांध कोरता येत नाही. दरवर्षी नांगरताना अर्धी वीत पलीकडे सरकायचे, शेजाऱ्याने ते बघायचे, दोघांनी तीस वर्षे दिवाणी कोर्टात तारखांना जायचे आणि येताना एकाच एसटीत शेजारी बसून गप्पा मारत परतायचे, हे जमिनीचे खरे सुख. ज्या जमिनीवरून भांडण होऊ शकत नाही ती जमीन कसली? २०२२ संपायच्या आत तिथले भाव कोसळले, ते मला या एकाच कारणामुळे असे म्हणावेसे वाटते. जाणकार व्याजदर आणि क्रिप्टोच्या पडझडीकडे बोट दाखवतात, तेही चूक नसावेत.

त्या काळात डिसेंट्रालँडमध्ये माणसे तरी किती होती, यावरही वाद झाला. २०२२च्या ऑक्टोबरात एका मोजदादीत दिवसभराचे वापरकर्ते ३८ निघाले. डिसेंट्रालँडवाले रागावले आणि म्हणाले, रोजचे आठ हजार येतात. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. पहिल्याने फक्त व्यवहार करणारे मोजले होते, दुसऱ्याने नुसते येऊन गेलेलेही. लग्नात आहेर देणारे आणि जेवून जाणारे यांचे आकडे कधी जुळत नाहीत, तसे हे.

युरोपीय आयोगाच्या पाहुण्यांबाबत एवढाही घोळ नव्हता. २०२२च्या नोव्हेंबर अखेरीस आयोगाच्या परदेशी मदत विभागाने तरुणांसाठी मेटाव्हर्समध्ये समुद्रकिनाऱ्यावरची चोवीस तासांची पार्टी ठेवली. त्यांनी उभारलेल्या त्या जगावर ३ लाख ८७ हजार युरो, म्हणजे सव्वातीन कोटी रुपये खर्च झाले होते. एक पत्रकार तिथे पोचला तेव्हा त्याला धरून जेमतेम सहा जण होते. बाकीचे गोंधळून एकमेकांशी काहीबाही बोलून निघून गेले आणि मग पत्रकार एकटाच उरला. गाणे चालू होते. माझी त्या विभागाला मनापासून सहानुभूती आहे. मी एका साहित्य मंडळाचा कार्यवाह होतो. सहा माणसे आली की आम्ही खुर्च्या गोल करून बसायचो आणि त्याला अनौपचारिक गप्पा म्हणायचो. आयोगाला हा तोडगा सुचला नाही. 

कल्पना करणाऱ्यांनी हे सगळे आधीच लिहून ठेवले होते. मेटाव्हर्स हा शब्द नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीतला. तिचा नायक पिझ्झा पोचवण्याचे काम करतो. मेटाव्हर्समध्ये त्याचा झकास बंगला आहे. प्रत्यक्षात तो सामान साठवण्याच्या गोदामातल्या खोलीत भागीदारीने राहतो. तिथला मुख्य रस्ता ६५,५३६ किलोमीटर लांबीचा, पृथ्वीच्या विषुववृत्ताहून कितीतरी मोठा. कुणीतरी तो चालून जाणार नाही हे ओळखून लेखकाने त्याच्यावर मोनोरेल टाकली. पुढे ज्या कंपन्यांनी अब्जावधी ओतले त्यांच्यापैकी कुणीतरी हे पुस्तक वाचून त्यातला बंगला पाहिला असावा आणि गोदामाचे पान उलटले असावे.

आम्ही डोंबिवलीकर त्या गोदामाच्या पानावर थबकतो. आभासी जगात मोकळेपणी वावरायचे तर मेटाच्या क्वेस्ट चष्म्यासाठी किमान दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढी रिकामी जागा लागते. साडेसहा फूट बाय साडेसहा फूट. वन रूम किचनमध्ये एवढी रिकामी जमीन शोधायची तर आधी दिवाण उभा करावा लागतो, मग शिलाई मशीन जिन्यात आणि आजींना देवळात पाठवावे लागते. अनंत विश्वात शिरण्याची पूर्वतयारी म्हणून हे फार होते. चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर आपल्याभोवती जमिनीवर एक रेघ आखून घ्यायची असते. ती ओलांडायची नाही. रेघ ओलांडल्यावर काय होते याचा अनुभव आपल्या पुराणांना आहेच. ब्रिटनमध्ये तो विमा कंपनीला आला. आभासी चष्मा घालून घरातले सामान फोडल्याचे दावे २०२१मध्ये ३१ टक्क्यांनी वाढले, असे अविवा या कंपनीने जाहीर केले. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी हसली की नाही याबद्दल पंडितांत मतभेद असतील, पण चष्मा घालून टीव्हीवर बुक्की मारणाऱ्या यजमानाला पाहून घरातल्या बाईने काय केले असेल, यात शंका घ्यायला जागा नाही.

याचा अर्थ आभासाशी आमचे वाकडे आहे असा नव्हे. आमच्या शेजारच्या गावात, कल्याणला, महादेवराव पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’चा जाहीर खेळ केला होता. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांची, दिव्याच्या उजेडात पडद्यावर भराभर बदलत जायची आणि चित्रातली माणसे हालचाल करताहेत असे वाटायचे. सोबत निवेदन, गाणे. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी चित्रपट दाखवण्याआधी तीन वर्षे कल्याणात हे चालले होते. पुढे दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच नटाने केली. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवत, असे सांगतात. सीता तोच माणूस करतो आहे हे कुणाच्या गावीही नव्हते, आणि असते तरी वहाणा निघाल्याच असत्या. आभास पुरेपूर पटलेला होता, पण तो सगळ्यांना एकदम, एकाच अंधारात, शेजारच्याच्या कोपराचा धक्का खात पटत होता. आणि वहाणा काढायला पाय होते.

पायांचे आमच्याकडे एकूणच प्रस्थ मोठे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीत असतात त्याही पादुकाच. पुण्यातल्या काही तरुणांनी २०११मध्ये फेसबुक दिंडी सुरू केली, ज्यांना जाता येत नाही त्यांना फोनवर वारी दिसू लागली, लाखो लोक ती भक्तिभावाने बघतात. ही सोय उत्तमच. पण २०२०मध्ये करोनामुळे पायी वारी थांबली तेव्हा खरी परीक्षा झाली. थेट प्रक्षेपणे होती, त्रिमिती कॅमेरे होते, घराघरांत फोन होते. तरीही पादुकांचे चित्र पंढरपूरला पाठवून भागेल असे कुणाच्या मनातही आले नाही. पादुका एसटीत बसल्या आणि पंढरपूरला गेल्या. डिजिटल परिवर्तनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा प्रसंग सापडणार नाही, पण कुठले काम ऑनलाइन न्यावे आणि कुठले एसटीने, याचा इतका स्वच्छ निवाडा मी दुसरीकडे पाहिला नाही.

मेटाव्हर्सला काम मिळाले तेही अशाच एखाद्या ठिकाणी, जिथे जागा हाच मुद्दा होता. बीएमडब्ल्यू कंपनीला हंगेरीतल्या डेब्रेत्सेनला मोटारींचा कारखाना काढायचा होता. २०२३च्या मार्चमध्ये त्यांनी तो एनव्हिडियाच्या साहाय्याने संगणकात सुरू केला. प्रत्यक्षातले उत्पादन २०२५चे. यंत्रमानवाचा हात खांबाला आपटतो का, कामगाराला वाकून बोल्ट लावावा लागतो का, हे सिमेंट ओतायच्या आधी पाहायचे. तिथे कुणी वाघ सोडला नाही. भिंत चुकली तर संगणकात ती खोडता येते. काँक्रीटची झाली की तिच्याशी जमवून घेत आयुष्य काढावे लागते. ज्यांनी स्वतःच्या घराचे स्वयंपाकघर बांधून घेतले आहे त्यांना हे जास्त सांगायला नको.

तमिळनाडूतल्या एका जोडप्याने २०२२च्या फेब्रुवारीत लग्नाचा स्वागतसमारंभ मेटाव्हर्समध्ये केला. वधूचे वडील त्याआधी वारले होते. त्यांची प्रतिमा समारंभात होती. या बातमीवर मला विनोद सुचला नाही, आणि सुचला असता तरी लिहिला नसता. कुठल्याही मंगल कार्यालयात मिळणार नाही अशी ती सोय होती.

तुवालूची गोष्ट याहून विचित्र आहे. प्रशांत महासागरातला नऊ बेटांचा हा देश, क्षेत्रफळ २६ चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. समुद्र चढतो आहे आणि देश बुडतो आहे. २०२१च्या हवामान परिषदेसाठी तिथले मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून, पँट दुमडून भाषण केले. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितले की आम्ही आमचा देश मेटाव्हर्समध्ये उभा करणार, आणि सुरुवात ते अफुआलिकू या एका छोट्या बेटापासून केली. इथे टवाळी करायला जीभ वळत नाही, तरी एक गोष्ट सांगायला हवी. तुवालूला डिजिटल जगातून खरी कमाई आधीच होत होती, तीही दोन अक्षरांवर. इंटरनेटच्या पत्त्यांत प्रत्येक देशाला शेपूट मिळते आणि तुवालूच्या वाट्याला ‘टीव्ही’ आले. जगभरच्या चित्रवाणीवाल्यांनी ते पैसे देऊन वापरले आणि त्या पैशांचा हातभार लागून देश २००० साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. अडीच गुंठ्यांच्या भूखंडांनी जे कुणाला मिळवून दिले नाही ते एका पत्त्याच्या शेपटाने दिले.

२०२३ उजाडताना वारे फिरले. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘आल्टस्पेस’ हे आपले आभासी गप्पांचे ठिकाण बंद केले, डिस्नेने आपला मेटाव्हर्स विभाग गुंडाळला, आणि मेटाव्हर्सवर बोलणारे सल्लागार त्याच कोटात, त्याच तक्त्यांसह कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलू लागले. परिवर्तन कसे करावे याचे याहून चांगले प्रात्यक्षिक त्यांना देता आले नसते.

मला मात्र राहून राहून वाटते की झुकेरबर्गांचे एक निदान बरोबर होते. माणसांना माणसांच्यात जाऊन बसायचे असते. औषधात घोटाळा झाला. आमच्या इमारतीतले एक निवृत्त काका दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जात. निवृत्तिवेतन चालू राहायचे तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी स्वतः जाऊन सिद्ध करावे लागे. तो दाखला २०१४ पासून डिजिटल झाला आणि २०२१ पासून तर फोनसमोर चेहरा धरून, डोळ्यांची उघडझाप करून घरबसल्या देता येतो. पायांचा संबंधच नाही. गेल्या नोव्हेंबरात नातवाने काकांना खुर्चीत बसवले, पापण्या लववायला लावल्या आणि दोन मिनिटांत ते वर्षभरासाठी हयात झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन जिना उतरताना दिसले. मागून काकूंची हाक आली, “अहो, बँकेत कशाला निघालात? काल फोनवर झालं ना तुमचं?”

“माझं झालं गं,” काका चपला चढवत म्हणाले, “बाकीचे कोण कोण हयात आहेत, ते बघून येतो.”